पायाखालचा स्पीकर

४ ऑक्टोबर

आज दादा म्हणाला, "बोटीवर गाण्यांचं काहीतरी लावून घेऊ या." मी इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. हातातला पाना पाण्यात पडायचाच राहिला.

हे लिहून ठेवायला हवं, कारण हा तोच दादा आहे ज्यानं भर समुद्रात शिंकल्याबद्दल खलाशाशी दिवसभर अबोला धरला होता. आमची बोट लहान, माणसं तीन. दादा पुढच्या टोकाला, मी मागे इंजिन आणि सुकाणू सांभाळायला, मध्ये जाळ्यापाशी खलाशी. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक असेल. धक्क्यावर त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो बंद होत नाही. हल्ली तर मी काही बोलले की तेच तो मोठ्यानं दादाकडे पोचवतो. "ताई म्हणतायत दोर सैल सोडा!" मी काय परक्या भाषेत बोलते?

हा रेडिओ बंद व्हायचा तो फक्त दादा ऐकायला बसला की. आम्ही ढोल्या पकडतो. हा मासा झुंडीनं फिरतो आणि पोटातून ढोल बडवल्यासारखा आवाज काढतो. इंजिन बंद करायचं, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं, दांड्याचं टोक कानामागच्या हाडाला टेकवायचं. पाण्यातला आवाज लाकडातून वर येतो. मासा कोणत्या अंगाला आहे, थोडा की पुष्कळ, ते दादा बोटानं दाखवतो आणि मग जाळं पडतं. आधी बाबा ऐकायचे, नंतर दादा. धक्क्यावरच्या निम्म्या बोटी आमच्या मागे मागे येतात त्या त्याच्या कानाच्या भरवशावर. मला हे सगळं थोडं थोतांडच वाटायचं. पण जाळं भरून यायचं तेव्हा मी तोंड मिटून घ्यायची.

गेल्या हंगामापासून जाळं भरत नाही. दादा आता दांडा कानामागे न लावता दातात धरून बसतो. वल्हं खायला निघालाय असं मी रेडिओला म्हटलंसुद्धा. एरवी कशालाही हसणारा रेडिओ हसला नाही. शेवटी दादा मान हलवतो आणि म्हणतो, "मासा मुका झालाय." झाला असेल. पाण्यात काय बदलतं ते पाण्यालाच माहीत.

तर आता गाणी. मी विचारलं, "हे कुठलं खूळ शिरलं डोक्यात?" तर म्हणे, "माणसानं कधी मजा करूच नये का?"

संध्याकाळी वहिनीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले, तिनं दादाकडे पाहिलं, आणि "लावा की" एवढंच म्हणाली. खर्चाचं नाव काढलं नाही. ही बाई काडेपेटीसाठीसुद्धा घासाघीस करते. नवराबायको दोघांनाही एकदमच उदार व्हायचा झटका आलेला दिसतो.

७ ऑक्टोबर

साउंडवाल्याच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे बोळ, दोन्ही बाजूंना छतापर्यंत स्पीकर रचलेले. माणूस पोटापाण्यापुरता खोटं बोलणारा वाटला, त्याहून जास्त नाही. प्रत्येक स्पीकरवर एकच गाणं लावून दाखवत होता, त्यामुळे चौथ्या वेळी मला त्या गाण्याची शिसारी आली.

माझं म्हणणं सरळ होतं. बॅटरीवर चालला पाहिजे, खाऱ्या हवेत गंजता कामा नये, आणि शब्द कळले पाहिजेत. त्यानं पांढऱ्या जाळीचे दोन लहान स्पीकर काढले. "ताई, गाणारीचा श्वाससुद्धा ऐकू येईल." खरंच येत होता. मी दादाकडे पाहिलं. दादाचं लक्षच नव्हतं. तो दुकानात फिरत एकेका खोक्यावर तळवा ठेवत होता, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. एका काळ्या, धटिंगण खोक्यावर त्याचा हात थांबला.

"हा घ्यायचा."

मी म्हटलं, "अरे, हा नुसता दणक्याचा आहे. यात ढोल सोडला तर काही ऐकू येत नाही. शब्द बिब्द काही नाहीत."

"शब्द कशाला हवेत? शब्द पुरवायला रेडिओ आहे."

साउंडवाला खूष. त्याला रेडिओ कोण ते माहीत नव्हतं, तरी हसला. शेवटी दोन्ही घेतले: लहान जोडी माझ्यासाठी, काळा धटिंगण दादासाठी. निघताना साउंडवाला मागून "साहेब, पावती! अहो साहेब!" करत राहिला आणि दादा सरळ रस्त्यावर. मलाच परत जावं लागलं. दादाला हल्ली कुणाची पर्वाच उरलेली नाही. पन्नाशी ओलांडली की पुरुषांचं असं होतं म्हणतात.

९ ऑक्टोबर

इंजिन सुरू करायच्या बॅटरीवर गाणी लावायची नाहीत, हे मी ठरवलं आहे. गाणी ऐकत बसायचं आणि परतायच्या वेळी इंजिन सुरूच होत नाही, असा प्रसंग नको. दुसरी बॅटरी ठेवायची, मध्ये फ्यूज. तार कलई केलेलीच घ्यायची; साधं तांबं खाऱ्या हवेत आतून हिरवं होतं आणि बाहेरून साळसूद दिसतं. धक्क्यावरच्या दुकानात कलईची तार मिळाली नाही. तूर्त साधीच घेतली आहे. हे बरं केलं नाही.

१२ ऑक्टोबर

दिवसभर बसवाबसवी. लहान जोडी सुकाणूच्या छपराखाली, माझ्या डोक्याशी. अ‍ॅम्प्लिफायर एका बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, तारा खालच्या बाजूनं आत घेतल्या, म्हणजे पाणी आलंच तर तारेवरून आत न ओघळता खाली गळेल. काम चांगलं झालं. स्वतःच स्वतःचं कौतुक करू नये म्हणतात, पण मग इथे दुसरं कोण करणार?

भांडण झालं ते काळ्या खोक्यावरून. मी ते मध्ये, फळीला टांगून ठेवायचं म्हणत होते. दादा म्हणाला, पुढे, त्याच्या उभं राहायच्या फळ्यांखाली हवा, थेट लाकडाला आवळून.

"पायाखाली स्पीकर? पायानं ऐकणार आहेस का?"

"तू बसव गं बारके. शहाणपणा नंतर."

बारकी म्हणजे मी. चव्वेचाळीस वर्षांची, आणि माझ्या वजनानं आमची बोट एका अंगाला कलते. तरी मी बारकीच. पोटावर सरपटत फळ्यांखाली गेले आणि बसवलं. चालू केलं तेव्हा अख्खी बोट गुरगुरायला लागली. दादा अनवाणी उभा राहिला, डोळे मिटले आणि हसला. इतक्या दिवसांत त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. मलाही आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

रेडिओ म्हणाला, "झालं. माझी नोकरी गेली."

१३ ऑक्टोबर

फजिती लिहायला आवडत नाही, पण लिहिते.

सकाळी धुकं होतं. मी होकायंत्र बघून सुकाणू धरलं, गाणी लावली, ऐटीत निघालो. बराच वेळ गेला तरी आमची ओळखीची उथळ जागा येईना. मी तळाची खोली मोजली, पुन्हा मोजली. तेवढ्यात दादा पुढून मागे चालत आला.

"कुठं चाललीस?"

"रोजच्याच जागी."

"रोज लाटा डाव्या तळपायाखाली येतात. आज उजव्या तळपायाखाली येतायत."

मी होकायंत्राकडे पाहिलं. ते बिचारं शांतपणे खोटं बोलत होतं. त्याच्या वरच, दीड वीत अंतरावर, मी कालच माझा लाडका स्पीकर बसवला होता. आणि स्पीकरच्या पोटात लोहचुंबक असतं हे मला, जिनं सगळ्या धक्क्याच्या वायरी जोडल्या आहेत तिला, आठवलं नाही. अशी चूक फक्त शहाण्या माणसालाच जमते.

दादानं धक्क्यावर पोचेपर्यंत माझा पिच्छा सोडला नाही. "आमच्या बारकीनं गाणी लावली आणि उत्तर दिशा नाचायला लागली." हे त्यानं किमान चौघांना सांगितलं. स्पीकर काढून लांब लावला. मासा नेहमीसारखाच, नावापुरता. तरी दिवस बरा गेला.

१७ ऑक्टोबर

आज ठरलेल्या जागी पोचल्यावर मी इंजिन बंद केलं आणि सवयीनं गाणीही बंद करायला हात पुढे केला. दादानं लांबूनच हात हलवला: राहू दे.

"ऐकायचं नाही?"

"राहू दे गाणी," दादा म्हणाला. बघत होता माझ्याचकडे. मग त्यानं पाण्याकडे नजर फिरवली आणि अंदाजानंच डावीकडे बोट केलं. जाळं टाकलं. जाळ्यात आलं ते सांगण्यासारखं नव्हतं.

परतताना म्हणाला, "गाणी चालू होती ना. ऐकू कसं येणार?"

"मग उद्यापासून बंद ठेवते."

"नको. आयुष्यभर ऐकलं. आता थोडी करमणूक."

याला काय म्हणायचं? आधी मासा मुका होता, आता गाण्यांचा गोंगाट आहे. पोट कशावर भरायचं तेही एकदा ठरवून टाक म्हणावं.

२० ऑक्टोबर

मला आज राग आला आहे, आणि तो उतरायच्या आत लिहिते.

धक्क्यावर चष्मा भेटला. चष्मा म्हणजे मोठ्या बोटीचा मालक. डोळ्यांवर जाड भिंगं, स्वभावानं सरळ. तो दादाला म्हणाला, "अहो, आम्ही तुमच्या मागे येतो आणि तुम्ही वाजंत्री लावून बसलेले. मासा पळणार नाही तर काय होणार?" मला वाटलं दादा आता त्याला चार शब्द सुनावेल.

दादा म्हणाला, "काय करणार? धाकटी बहीण. तिचा हट्ट. मला काही ऐकूच देत नाही."

मी शेजारीच उभी होते. मी! सगळा धक्का माझ्याकडे बघायला लागला. दादाला मी एवढ्या वर्षांत खोटं बोलताना पाहिलेलं नाही, आणि पहिलंच खोटं त्यानं माझ्या माथी मारलं. वर पुन्हा जराही लाज नाही. उलट ओझं उतरवल्यासारखा चहा पीत बसला.

रेडिओ माझ्यामागे येऊन म्हणाला, "ताई, मनावर घेऊ नका." मी म्हटलं, "मग कशावर घेऊ?" तर नेहमी हजरजबाबी असलेला हा माणूस खाली बघत निघून गेला.

२२ ऑक्टोबर

वहिनीकडे गेले होते, म्हणजे जिना चढून वर. खाली माझ्या दोन खोल्या, वर त्यांच्या. दादाबद्दल तक्रार करायची होती. ती म्हणाली, "वाजू दे गं गाणी. तुला काय त्रास आहे त्याचा?" मला वाटलं होतं निदान ती तरी माझी बाजू घेईल.

त्यांचंही काहीतरी बिनसलंय. दादा खिडकीशी बसला होता. वहिनीनं बोलायच्या आधी पाय आपटला, मग बोलली. थोड्या वेळानं पुन्हा काही सांगायचं होतं तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला वळवलं. एकदा पाय आपटायचा, एकदा लाडीगोडी. लग्नाला तीस वर्षं होत आली तरी यांचं हे चाललेलंच. मी माझ्या नवऱ्याला सोडून आले तेव्हा आमच्यात पाय आपटण्याइतकंही उरलं नव्हतं.

खाली उतरताना चष्मा दारातच भेटला. आपल्या बोटीच्या इंजिनासाठी माणूस शोधतोय. "ताई, तुमचा हात मी पाहिलाय. विचार करा," म्हणाला. मी हसण्यावारी नेलं.

२३ ऑक्टोबर

विचार केला.

त्यांचं इंजिन बघायला गेले होते, नुसतं बघायला. त्याला स्वतःची खोली आहे. त्यात ताठ उभं राहता येतं.

२६ ऑक्टोबर

ती साधी तार. मी म्हटलंच होतं.

दुपारी एक दणकेबाज गाणं चाललं होतं आणि मध्येच सगळं गप्प झालं. लहान जोडी, काळा धटिंगण, सगळंच. डबा उघडला तर तार आतून हिरवी, हात लावताच तुटली. इंजिन चालूच होतं, बोट थरथरत होती. मी दादाला सांगायला मान वर केली तर दादा पुढे पाठमोरा, पायानं ठेका धरलेला. गाणं कधीच थांबलं होतं आणि हा आपला ठेक्यात मान डोलावत होता. एवढा रंगला होता की गाण्याचीही गरज उरली नव्हती. हसू आलं मला.

रेडिओला म्हटलं, "बघ, दादाच्या डोक्यात वाजतंय अजून." रेडिओ माझ्याकडे बघत राहिला. मग दादापाशी जाऊन त्याच्या दंडाला हात लावला, आणि दादाचा पाय थांबला.

कलईची तार मागवली आहे. यायला वेळ लागेल.

२८ ऑक्टोबर

आज रेडिओ आला नाही, त्याच्या सासूला दवाखान्यात न्यायचं होतं. आम्ही दोघंच गेलो. आज मोठं जाळं टाकायचंच नव्हतं, लहान जाळं टाकून वाट बघत बसलो. इंजिन बंद. गाणी बंद. पाणी तव्यासारखं सपाट. मला वाटलं, हीच वेळ.

मी मागूनच बोलले. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती हे कबूल करते. पाठीशी बोलणं सोपं जातं. म्हटलं, "दादा, चष्म्यानं मला इंजिनावर बोलावलंय. मला जावंसं वाटतं. आपल्या बोटीवर आता दोघांचं भागत नाही, तिघांचं तर नाहीच. आणि तू सगळ्यांसमोर मला जे बोललास ते मला फार लागलंय. पण तू नको म्हणालास तर मी नाही जाणार. नुसतं नको म्हण."

दादा पाण्याकडे बघत बसला होता. वळला नाही. खांदासुद्धा हलला नाही.

मी पुन्हा म्हटलं, "जाऊ का?"

काही नाही. एक पक्षी येऊन जाळ्याच्या तरंगत्या गोळ्यावर बसला, दादानं त्याच्याकडे बघून मान तिरकी केली. पक्ष्याची दखल घेतली. माझी नाही.

ऐकू येऊ नये असं काहीही नव्हतं. मौन म्हणजे संमती म्हणतात. ही तर संमतीहूनही वाईट होती. मला रडू आलं, पण मागे कुणी बघायला नव्हतं म्हणून चाललं.

२ नोव्हेंबर

चष्म्याला हो सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून. त्यानं हात जोडले, मी जोडले, संपलं.

४ नोव्हेंबर

तार आली. मी जाणारच आहे, तरी जोडून दिली. अर्धवट काम ठेवून जायची सवय नाही. दादा पुन्हा फळ्यांवर अनवाणी उभा राहिला. माझ्या जाण्याबद्दल चकार शब्द नाही. मीही काढला नाही. एवढा कोरडा माणूस माझा भाऊ कधी झाला?

६ नोव्हेंबर

संध्याकाळी दादा माझ्या दारात उभा. चेहरा लालबुंद. चहाच्या टपरीवर चष्म्यानं त्याचे आभार मानले म्हणे, एवढी हुशार बहीण दिल्याबद्दल.

"अख्ख्या धक्क्याला माहीत, आणि मला नाही? मी काय मेलोय?"

तो इतक्या जोरात ओरडला की मीही ओरडले. "तुला सगळ्यात आधी सांगितलं! रेडिओ नव्हता त्या दिवशी. गाणीसुद्धा बंद होती. दोनदा विचारलं. तू वळूनसुद्धा पाहिलं नाहीस!"

दादा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. माझं खोटं पकडतोय असं वाटलं मला. मग त्याचा राग एकदम ओसरला. इतका एकदम, की दिवा मालवावा तसा. म्हणाला, "हां. हो. सांगितलं होतंस. ऐकलं होतं मी."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? तुझी मर्जी."

याच्याइतकं मला आजवर कशानंच लागलं नाही. नवरा सोडतानाही नाही. मला त्याला दुखवायचं होतं, कसंही करून. जे तोंडाला आलं ते बोलले. "आणि रेडिओला काढून टाक म्हटलं तेव्हाही माझीच मर्जी का? तेही ऐकलंस ना?"

"तेही ऐकलं," दादा म्हणाला. "बघ तुला काय ठीक वाटतं ते." आणि जिना चढून वर गेला.

रेडिओला काढायचं मी कधीच म्हटलं नव्हतं. त्या दिवशी नाही, कधीच नाही. रेडिओनं दादाला एकदा बुडताना केसांना धरून वर काढलंय. दादा बोट विकेल, घर विकेल, पण रेडिओला जा म्हणणार नाही. आणि कुणी म्हटलं तर त्याचे दात घशात घालील.

दार लावायचं विसरून मी तशीच उभी होते. वर वहिनीनं पाय आपटल्याचा आवाज आला.

७ नोव्हेंबर

दादा जाळं शिवायला गेला तेव्हा वर गेले. वहिनीला म्हटलं, "कधीपासून?"

तिनं कशाबद्दल ते विचारलं नाही. निवडायची भाजी बाजूला ठेवली, हात पुसले आणि खाली बसली. "दोन वर्षं होतील. आधी डावा गेला. मग उजवा."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं तुला कळलंच असेल, वन्सं." वहिनी मला वन्सं म्हणते ती फक्त रागावली की. "रेडिओला कळलं. तुम्ही दोघं सबंध दिवस एका बोटीवर असता."

मला इंजिनातला एखादा स्क्रू सैल झाला तरी कळतो.

तिनं कपाटातून एक डबी काढून दाखवली. कानात घालायचं यंत्र, नवंकोरं. बोटीवर घातलं तर इंजिनाचा आवाज डोक्यात घणासारखा बसतो आणि पाण्यातलं मात्र काहीच ऐकू येत नाही. शिवाय ते सगळ्यांना दिसतं. "मला म्हणाला, ज्याच्या कानामागे एवढ्या बोटी येतात त्यानं हे लावून धक्क्यावर कसं उतरायचं? त्यापेक्षा गाणी लावू. गाणी असली की मासा ऐकलास का म्हणून कुणी विचारणार नाही."

"निदान मला तरी सांगायचं."

"तुला कळलं तर तू त्याला किनाऱ्यावर बसवशील, असं त्याला वाटायचं."

मी त्यावर विचार केला. बसवलं असतं. दुसऱ्याच दिवशी. धोका आहे, नियमात बसत नाही, असं काहीतरी सांगून, आणि मीच कशी बरोबर आहे ते संध्याकाळी इथे लिहून ठेवलं असतं. दादा मला चांगला ओळखतो. मीच त्याला ओळखत नव्हते.

वहिनी रडली नाही. मी थोडी रडले. मग तिनं उरलेली भाजी माझ्यापुढे सरकवली आणि आम्ही दोघींनी निवडून संपवली.

९ नोव्हेंबर

काल काहीच लिहिलं नाही. काय करावं ते कळत नव्हतं. चष्म्याकडे उद्यापासून जायचं होतं.

आज सकाळी नेहमीच्या वेळी बोटीवर गेले. बोट धक्क्याला बांधलेलीच होती, गाणी चालू, रेडिओ जाळं घडी करत होता. धक्क्यावर गर्दी होती. बर्फवाले, टोपलीवाल्या, सगळे. दादा पुढे आपल्या फळ्यांवर. मी आधी गाणी बंद केली. फळ्यांची गुरगुर थांबताच दादानं वळून पाहिलं.

मी पुढे गेले. रिकामी पेटी ओढली आणि त्याच्यासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. म्हटलं, "खाली बस." तो बसला.

मग मी हळू हळू, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "दादा. चष्म्यानं मला इंजिनावर बोलावलंय. मी तुला हे पाठीमागून विचारलं होतं. आता समोरून विचारते. जाऊ का?"

दादाची नजर माझ्या ओठांवरून हलली नाही. शेवटचा शब्द संपल्यावर त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं. मला सगळं कळलंय हे त्याला तेव्हा कळलं. तो रेडिओकडे वळला. रेडिओनं जाळं खाली ठेवलं होतं. दादा पायाखालच्या फळ्यांकडे बघत राहिला. त्याच्या गालाचं हाड हलत होतं. बाबा गेले तेव्हा हलत होतं तसं.

"जाऊ नकोस!" दादा म्हणाला.

आपला आवाज केवढा मोठा झालाय हे त्याला कळत नाही. बर्फाची लादी वाहणारा जागच्या जागी थांबला. टोपलीवाल्या वळल्या. शेजारच्या तिन्ही बोटींवरच्या माणसांनी माना वर केल्या.

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ओठांनीच म्हटलं, "हळू. सगळे ऐकतायत."

"ऐकू देत," दादा म्हणाला, आणि पुन्हा तितक्याच मोठ्यानं म्हणाला, "जाऊ नकोस!"

चष्म्याकडे निरोप घेऊन जायची गरज पडली नाही. तो धक्क्यावरच उभा होता.